छुई लावलेली भिंत

पाण्यातलं आमच्या घराण्याइतकं या पट्ट्यात कोणाले समजत नाही. गावचा तलाव माह्या आजाच्या आजानं बांधला, अन् पाळ कुठं घालायची, सांडवा कुठं काढायचा हे त्याले नुसतं जमिनीवर उभं राहून समजत होतं म्हणतात. त्याच तलावाचं पाणी सांडव्यावरून उतरून आमच्या सोसायटीच्या ऑफिसात शिरलं, तवा त्याच्या वंशाचा हा दिवा टेबलावर उकिडवा बसून, सेक्रेटरी साहेबाच्या खुर्चीची गादी छातीशी धरून, "कोणी आहे का जी?" म्हणून बोंबलत होता.

यंदाचा पोळा जवळ आला. आमची घरवाली शेवंता अंगणात बसून घमेल्यात छुई कालवून राहिली. छुई म्हणजे पांढरी माती. आमच्या इकडं सणाच्या आधी बाया त्यानं भिंती लावतात, मग आखी गल्ली धुतलेल्या धोतरावानी दिसते. ओल्या छुईचा एक वास राहते. थंडा, जरासा खारट, जीभ लावून पाहावा असा. लोकाले त्या वासानं बैल आठवतात, तोरणाखाली म्हणायच्या झडत्या आठवतात. मले ते ऑफिस आठवते. आठवते म्हणजे दुखत-बिखत नाही. पाय झोपला का त्याले चिमटा घेऊन पाहा, दुसऱ्याच्याच पायाले घेतल्यावानी वाटते. तसं.

"अशे पाहून काऊन राहिले?" शेवंता म्हणते. "मागची भिंत कोण लावीन?"

"मी भिंतीले हात लावत नाही आता."

"मंग कायले हात लावता? ताटाले?"

मी ताटाले बी लावतो, हे खरं आहे.

ऑफिस म्हणजे काही बंगला नव्हता. सोसायटीचं जुनं गोदाम, विटामातीच्या भिंती, वरतं कवेलूचं छप्पर, खालतं सिमेंटचा कोबा. गाव उंचावर बसवताना आमच्या पूर्वजानं तलावाखालची सखल जागा रिकामी सोडली होती. काऊन सोडली हे कोणी विचारलं नाही, म्हणून ती सोसायटीले फुकट भेटली. मी तिथला शिपाई. शिक्षण चवथी, म्हणजे चवथीच्या दारापर्यंत. आत काय शिकवत होते ते मले आजवर समजलं नाही. झाडू मारायचा, चाय आणायची, माठ भरायचा, अन् साहेब आले का उभं राहायचं. यातलं उभं राहायचं मले सर्वात चांगलं जमत होतं.

खरं काम करायच्या त्या कविता मॅडम. पट्ट्यातल्या साऱ्या शेतकऱ्यांचे सातबारे, आधार, नावं त्या कम्प्युटरात चढवत. नाव चढलं तर दिवाळीनंतर धान काट्यावर, नाही चढलं तर पोते घेऊन घरी. धान खरेदीचं सरकारी केंद्र आमच्या गावाले होतं ते त्या तीन मशीनच्या भरवशावर. मशीन नाही तर केंद्र नाही, केंद्र नाही तर मॅडमचं काम नाही. नवरा त्यांचा बाहेर कमवाले गेला तो तिकडचाच झाला होता. सासू अन् पोरगी, दोघी मॅडमच्या पगारावर. हे आम्हाले सगळ्याईले माहीत होतं अन् त्याच्यावर कोणी बोलत नव्हतं.

मॅडमचं मले एकच सांगणं होतं. "हिरामणभाऊ, मशीनले हात नाही लावाचा." याले कारण होतं. एकदा मी कम्प्युटरच्या पडद्यावर खोबरेल तेलाचा बोळा फिरवला होता, देवाच्या फोटोच्या काचेवर फिरवतो तसा. चकाकत होता बिचारा. पण त्या दिवशी मॅडमले पट्ट्यातले सारे शेतकरी धुक्यात दिसले.

काही वर्षं झाली त्याले, तवा बी पोळा असाच जवळ होता. पाणी दुपारी आलं. पाऊस आधीपासून चालूच होता, त्याचं कोणाले काही वाटत नव्हतं. साहेब गोंदियाले गेलेले. मॅडम नाल्यापलीकडच्या गावाच्या, नाला भरला म्हणून आल्याच नाही. दाराखालून पाणी आलं ते हळू आलं, चपला बाहेर काढून आल्यावानी. आपल्यासंगं काय काय घेऊन आलं. धानाचं तणीस, कोणाची तरी एक टायरची चप्पल, झेंडूची वाळली माळ, अन् एक बेडूक, जो सरळ साहेबाच्या टेबलाखाली जाऊन बसला. मी टेबलावर चढलो. मशीनचे डब्बे खालतं, वायरी साऱ्या खालतं. वायरीले हात लावाले मले भेव वाटे. म्हणून मी वाचवलं काय, तर गादी, साहेबाची टेबलावरची घंटी, अन् चायची किटली. घंटी मी अधूनमधून वाजवत होतो. सवयीनं मलेच उठून जावंसं वाटे.

एका कोपऱ्यात तो बॅटरीचा डब्बा होता, लाईट गेली का टुईं टुईं करणारा. तो पाण्यात बुडता बुडता ओरडत होता. तान्हं पोरगं रडते तसा, एका सुरात, मधीच श्वास घेऊन. मी वरतून म्हटलं, "चूप बे." अन् तो चूप झाला. घडीभर मले वाटलं, आपला वचक आहे.

मंग आवाजच राहिला नाही. पावसाचा होता, पण तो आवाज वाटत नव्हता. पाणी कंबरेइतकं भरलं अन् थांबलं. मशीन खालतं दिसत नव्हते, फक्त एका ठिकाणी बुडबुडे येत होते. मले सांगाले पायजे का मले वाईट वाटलं. पण मी त्या बुडबुड्यांकडं पाहून राहिलो अन् मले भूक लागली, एवढंच आठवते.

पाणी उतरलं, मी बी उतरलो. कोबा दिसत नव्हता, नुसता चोपडा गाळ, अन् त्यात माह्या पायाचे ठसे. तळपाय पांढरेफटक, सुरकुतलेले, मेलेल्या माणसाचे घातल्यावानी. भिंतीवर कंबरेइतक्या उंचीले चिखलाची पट्टी उमटली होती, लुगड्याच्या काठावानी सरळ. साहेबाले फोन लागला तवा ते गोंदियातून म्हणाले, "विमा आहे, घाबरू नको." मी घाबरलो नव्हतो. मी किटली घासून राहिलो होतो.

आता पुढचं ऐका. ओलं धान पाहून आमच्या इकडचा माणूस हात बांधून बसू शकत नाही. ढीग तसाच राहिला तर गरम होते, कोंब फुटते, कुजते. ऊन दिसलं का ते ओट्यावर पसरायचं, पायानं सरी ओढायच्या, पलटवायचं, पुन्हा ओढायच्या. हे शिकवावं लागत नाही. मॅडमनं हात लावू नका म्हटलं होतं ते मले आठवत होतं. पण ओलं ते ओलं. मी तिन्ही डब्बे, पडदे, बटनाच्या पाट्या, सारं डोक्यावरून राईस मिलच्या ओट्यावर नेलं. गाळ लागला होता म्हणून पहिले विहिरीच्या पाण्यानं चांगलं खळखळून धुतलं. एकदा धुतलं, मन भरलं नाही, अजून एकदा धुतलं. मंग झाकणं उघडून उन्हात पसरलं. बटनाच्या पाटीवर बोट दाबलं का पचकन पाणी येत होतं. दर थोड्या वेळानं मी सारं पलटवून राहिलो, पापडावानी.

आमच्या शेजारचे बुधाजी काका काठी टेकत आले. ओट्याभोवती एक चक्कर मारली.

"का जी हिरामण, यंदा पीक बरं दिसते."

"हो जी काका."

"बारीक आहे का ठोकळ?"

"ठोकळच म्हणा."

"चावून पाह्य. दाना भरला का पोचट, पाह्य." अन् एका पाटीवरचं बटन दातात धरून पाहिलं त्यांनी खरंच. "कच्चं आहे अजून," म्हणाले, "उद्या एक ऊन दे."

मिलमधले सारे हासले. मी बी हासलो. तोंड हासून राहिलं होतं अन् मी बाजूले उभा राहून त्या तोंडाकडं पाहून राहिलो होतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन. "उद्या नागपूरहून विम्याचा माणूस येऊन राहिला. सर्व्हे करते. मी बी येतो. ऑफिस तयार ठेव."

आता तुम्हीच सांगा. नागपूरहून माणूस येणार, गाडी करून येणार, आपल्या भल्यासाठी येणार. त्याले चिखलात बसवायचं? आमच्याकडं सोयरा येणार म्हटलं तर आदल्या दिवशी कोंबड्या बी पाय पुसून आत येतात. मी शेवंताले सांगितलं, शेवंतानं गल्लीले सांगितलं. तसाही पोळा तोंडावर आला होता, घराघरात छुई भिजलेलीच होती. बाया घमेले घेऊन आल्या. गाळ खरडून फेकला, कोबा धुतला, भिंती पोतेऱ्यानं लावाले घेतल्या. ती कंबरेइतकी पट्टी होती ना चिखलाची, ती मी सर्वात आधी मिटवली. माह्या हातानं. मले तीच सर्वात घाण दिसत होती. एक हात लावला तर खालून पिवळी दिसे, म्हणून दुसरा लावला. मशीनच्या पाठीवर नंबर छापलेले बारके बारके कागद पाण्यानं फुगून लोंबकळत होते. तेही नखानं साफ खरवडून काढले. मशीन जाग्यावर मांडले. हळदकुंकू लावलं, दसऱ्याले हत्याराले लावतो तसं. उंबऱ्याबाहेर शेवंतानं रांगोळी काढली, त्यात मोर काढला. मोर बदकावानी झाला, पण झाला.

त्या संध्याकाळी ते ऑफिस पाहून मले वाटलं होतं, जन्मात एक काम तरी नीट झालं.

सकाळी नाला उतरला अन् कविता मॅडम आल्या, चपला हातात, साडी पोटरीपर्यंत खोचलेली. दारातच थांबल्या. रांगोळी ओलांडली नाही.

"हे कोणं केलं?"

"मी केलं, मॅडम. बाया बी होत्या, पण मुख्य मी."

मॅडम आत आल्या, भिंतीले बोट लावलं. बोट पांढरं झालं. त्या बोटाकडं पाहत म्हणाल्या, "चिखल होता तवाचे फोटो काढले का कोणी?"

"चिखलाचे? चिखलाचे फोटो कोण काढते मॅडम, लगन होतं का?"

त्या हासल्या नाही. रागावल्या बी नाही, रागावल्या असत्या तर बरं होतं. आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या, बंद पडद्याच्या समोर, रोज बसतात तशा, अन् पांढरं बोट पदराले पुसत राहिल्या. पुसून झालं तरी पुसत राहिल्या. बाहेर कोणाचे तरी बैल घुंगरं वाजवत तलावाकडं चालले होते. मी त्यांच्यापुढं चाय ठेवली. ती चाय तशीच राहिली, वर साय धरून.

विम्याचा माणूस भला होता, हे आधीच सांगतो, नाही तर तुम्ही त्याले शिव्या द्याल. बारीक, चष्म्यावाला, थकलेला. आल्या आल्या म्हणाला, "अरे वा, बहुत साफ रखा है." मी साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी मान डोलावली. त्या मानेच्या जोरावर मी त्याले चाय देता देता सगळं सांगून टाकलं. विहिरीच्या साफ पाण्यानं दोन डाव कसे धुतले, कशे वाळवले, कशे पलटवले. तो चाय प्यायचा थांबला.

"भैया, पानी कहाँ तक आया था?"

"इथपर्यंत जी," मी टेबलाच्या वर हात धरला.

"निशान दिखाओ."

मी भिंतीकडं पाहिलं. सारेच भिंतीकडं पाहाले लागले. अशी गोरीपान भिंत आमच्या गावात दुसरी नव्हती.

मंग मी माही अक्कल लावली. टेबलावर चढलो, त्या दिवशी बसलो होतो तसाच उकिडवा बसलो, पायजमा वर केला अन् म्हटलं, "हे पाहा साहेब, मी असा होतो, अन् पाणी इथं, माह्या अंगठ्याले लागत होतं." त्यानं माह्या अंगठ्याकडं पाहिलं. फोटो भिंतीचा काढला. दारात बाया उभ्या होत्या, त्या साक्षीले धावल्या. "कंबरेइतकं होतं जी!" एकीनं आपली कंबर दाखवली, दुसरीनं आपली. सरूबाई ठेंगणी, तिची कंबर सखूबाईच्या मांडीले येते. तिथं त्यांचंच भांडण लागलं.

"तलाठ्याच्या पंचनाम्यात आहे ना जी," साहेब म्हणाले.

"त्यात गावात पाणी आलं एवढंच आहे. ऑफिसात किती आलं ते नाही." तो आता मराठीत बोलून राहिला होता, हळू, दवाखान्यात बोलतात तसा. "मशीनचे नंबर कुठं आहेत?"

"होते," मी म्हटलं. "मी काढले. घाण दिसत होते."

त्यानं एक डब्बा उघडला. आत अजून ओल होती, गंजाची लाली धरली होती. बराच वेळ पाहत राहिला. मंग मॅडमकडं वळला, आम्हा कोणाकडं नाही. "मॅडम, आत पाणी गेलं आहे हे मी लिहीन. पण मले वरून विचारतील, ते पुराचं का विहिरीचं. तुमचा माणूस स्वतःच सांगतो का त्यानं धुतले. मी काय उत्तर देऊ?"

मॅडम म्हणाल्या, "जे दिसते ते लिहा."

तेवढंच. जाताना त्यानं रांगोळीवर पाय पडू दिला नाही, बाजूनं गेला.

क्लेम बसला नाही. साहेबांनी फोनवर ऐकलं, फोन ठेवला अन् मले म्हणाले, "पंखा लाव." नवीन मशीन घ्यायची सोसायटीची ऐपत नव्हती. धान कापणीले यायच्या आत केंद्र दुसऱ्या गावाले गेलं, जिथं त्यांचा आपला माणूस होता कम्प्युटरवर. मॅडमनं खणातला कंगवा काढला, पाण्याची बाटली घेतली, पोरीचा एक फोटो टेबलाच्या काचेखाली होता तो काढाले गेल्या तर तो पाण्यानं काचेलेच चिकटला होता. त्यांनी एकदा ओढून पाहिला, मंग सोडून दिला. "येतो, हिरामणभाऊ." मी उभा राहिलो. उभं राहणं मले जमते.

मले वाटलं होतं, आता तरी आतून काही येईन. रडू नाही तर निदान शरम. मी दार लावून आत बसून वाट पाहिली. काही नाही आलं. बाहेरून येऊन कोणी माणूस मेल्याचं सांगते अन् आपण विचारतो का भात किती टाकायचा, तसं झालं होतं. ती पांढरी भिंत समोर. तिच्याकडं पाहून राहिलं का डोळ्यात बी पांढरं भरे, अन् मंग मिटले तरी पांढरंच.

अजून मी तिथंच शिपाई आहे. रिकामे टेबलं पुसतो. बाकी एक धंदा मले लागला. लोकाले हे सांगायचा. लग्नाच्या पंगतीत, चायच्या टपरीवर, नाही तर रोवणीसाठी धानाचे परे, म्हणजे रोपं, खोदून लोकं शेतात बांधीवर भाकर खाले बसले का. बुधाजी काकाचं बटन चावणं, माहा अंगठा, सरूबाईची कंबर. सांगता सांगता मी बरंच घासून चकाचक केलं त्याले. कुठं थांबायचं, पायजमा कवा वर करायचा, सारं बसलं. लोकं डोळे पुसत हासतात. ते हासले का मले जरा बरं वाटते, थंडीत हात शेकल्यावानी. शेकलेला भाग तेवढा आपला वाटते. मॅडम त्या किस्स्यात दारात येतात, बोट लावतात अन् लगेच जातात. त्यांच्यावर कोणी हासत नाही, म्हणून मी तिथं थांबत नाही.

यंदा रोवणी आटोपल्यावर शेवंताच्या एका अनुदानाच्या कामासाठी आम्ही दोघं आमगावले गेलो. बाजारात एक ऑनलाईनचं दुकान आहे, फोटोकॉपी, अंगठे, फॉर्म, सगळं. काऊंटरमागं कविता मॅडम. मले माहीत नव्हतं. केस कानाजवळ पांढरे झाले होते. दुकान मालकाचं होतं, त्या हाताखाली. लाईन मोठी, गरम होऊन राहिलं, लोकं कावलेले. लाईनीतल्या एकानं मले ओळखलं.

"अरे, हा तो कम्प्युटर वाळवणारा! सांग ना बे तो किस्सा, लोकाचा टाईम जाईन."

शेवंतानं माही बाही ओढली. पण लोकं वळून पाहाले लागले, अन् लोकं पाहाले लागले का माहं तोंड आपोआप चालू होते. मी सांगितला. सारा सांगितला. किस्स्यात माहा अंगठा आला तवा स्टुलावर पाय ठेवला. दुकानाचा मालक टेबलावर हात आपटून हासला. एका म्हातारीच्या डोळ्याले पाणी आलं. फक्त काऊंटरमागं बटनं वाजत होते, टक टक टक, एका चालीत, हासण्याच्या मधीही थांबले नाही.

आमचा नंबर आला. मी पुढं झालो अन् तसाच हासत म्हटलं, "का जी मॅडम, खरं आहे ना? तुम्ही तर होत्या तिथं."

मॅडमनं शेवंताचं बोट धरून मशीनवर ठेवलं, पडद्याकडं पाहिलं, कागद काढून शेवंताच्या हातात दिला. मंग माह्याकडं पाहिलं.

"नोकरी माही गेली, हिरामणभाऊ. तुमाले सांगाले किस्सा भेटला. आता सरका बाजूले, मागं लोकं उभे आहेत."